मॅरेथॉननंतरची धांव

२००४ सालापासून मुंबईच्या रस्त्यांवर मोठ्या प्रमाणावर मॅरेथॉन शर्यती होऊं लागल्या आणि एका ग्रीक गांवाचें नांव आपल्या घराघरांत पोंचलें. २६ मैलांची पूर्ण शर्यत संपविल्यावर थोड्याच आठवड्यांत १३ मैलांच्या अर्ध्या शर्यतीस उभें राहावें कीं नाहीं, हा प्रश्न धांवणाऱ्या मंडळींत नेहमीं चर्चिला जातो. वैद्य सांगतात कीं, स्नायूंत सांठविलेली साखर कांहीं दिवसांत भरून येते. परंतु मांड्यांतील दुखावलेले तंतु सांधावयास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. मोठ्या धांवेच्या मागोमाग दुसरी, लहान धांव घ्यावी काय, हा प्रश्न मात्र आजकालचा नाहीं. ज्या लढाईवरून या शर्यतीस नांव मिळालें, तिच्या कथेच्या गाभ्यांतच तो बसलेला आहे.

लोकांच्या तोंडीं असलेली कथा अशी. इ. स. पूर्व ४९० मध्यें इराणचा बादशहा दरायस याचें सैन्य अथेन्सच्या ईशान्येस मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर उतरलें. फिडिपिडीझ नांवाचा जासूद मदत मागण्यासाठीं स्पार्टास धांवत गेला, धांवत परत आला, लढाईंत लढला, आणि विजयाची वार्ता घेऊन पुनः मॅरेथॉनहून अथेन्सपर्यंत २५ मैल धांवला. वार्ता सांगतांच त्यानें प्राण सोडला. कथा मोठी हृदयंगम आहे. पण तिचे दोन तुकडे निरनिराळ्या काळच्या हातांनीं विणलेले आहेत.

पहिला तुकडा भक्कम आहे. लढाईनंतर सुमारें अर्ध्या शतकानें लिहिणाऱ्या हिरोडोटसानें तो दिलेला आहे. या जासुदाचें नांव कांहीं हस्तलिखितांत फिलिपिडीझ असें आढळतें. दिवसच्या दिवस धांवणें हाच त्याचा धंदा होता. अथेन्सहून निघून तो दुसऱ्या दिवशीं स्पार्टांत हजर झाला, असें हिरोडोटस लिहितो. अंतर सुमारें १५० मैल, आणि वाट डोंगराळ. एवढें मनुष्याच्या पायांनीं साधेल काय, अशी शंका पुष्कळांस येई. अखेर १९८२ सालीं ब्रिटिश विमानदळांतील कांहीं मंडळींनीं ती वाट धांवून पाहिली, आणि त्यांतील तिघे ४० तासांच्या आंत स्पार्टास पोंचले. पुढील वर्षीं त्याच वाटेवर स्पार्टाथ्लॉन ही शर्यत सुरू झाली.

स्पार्टावाल्यांनीं मदतीस येण्याचें कबूल केलें, पण धर्माचार आडवा आला. पौर्णिमा झाल्यावांचून त्यांस निघतां येईना. मुहूर्त पाहून मोहिमेस निघणाऱ्या आपल्याकडील सरदारांची कोणास येथें आठवण झाली, तर नवल नाहीं.

दुसऱ्या तुकड्याविषयीं, म्हणजे मॅरेथॉन ते अथेन्स या धांवेविषयीं, हिरोडोटस अवाक्षर काढीत नाहीं. स्पार्टाच्या वाटेवर टेजीआच्या वरच्या डोंगरांत पॅन देवानें जासुदास नांवानें हांक मारली, ही गोष्ट तो आवर्जून सांगतो. असा ग्रंथकार विजयाची वार्ता देऊन मरणाऱ्या वीराची गोष्ट ऐकून सोडून देईल, हें संभवत नाहीं. ती गोष्ट ठळकपणें येते ती लढाईनंतर साडेपांचशें वर्षांहून अधिक काळानें, प्लुटार्कच्या लेखांत. आणि तेथें धांवणाऱ्याचें नांव कोणी थर्सिपस, तर कोणी युक्लीझ सांगतात. इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील लूशियननें ती फिलिपिडीझच्या नांवावर टाकली. १८७९ सालीं रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीनें दोन्ही धांवा एकाच कवितेंत एकाच वीराच्या पदरीं घातल्या. १८९४ सालीं मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडितानें अशी शर्यत ठेवावी असें सुचविलें, आणि १८९६ च्या अथेन्स येथील सामन्यांत स्पिरिडॉन लुईस नांवाच्या ग्रीक पाणक्यानें ती तीन तासांच्या आंत जिंकली.

म्हणजे लढाईनंतर कोणीच धांवलें नाहीं काय? धांवलें, पण एकटा मनुष्य नव्हे, सबंध सैन्य.

लढाईचा निकाल लागला तेव्हां इराण्यांचे ६४०० व अथेन्सचे १९२ लोक पडले होते. अथेन्सवाल्यांनीं सात गलबतें धरलीं. बाकीचें आरमार समुद्रांत सुटलें आणि सूनियनच्या भूशिराला वळसा घालून अथेन्सकडे निघालें. शहरांत लढवय्ये उरले नव्हते. शत्रूबरोबर हिपियस हा अथेन्सचा हद्दपार केलेला जुना हुकूमशहा होता, आणि आंतील कोणी फितुरानें ढाल चमकावून शत्रूस खूण केली, असाहि प्रवाद उठला होता. आरमार आधीं पोंचतें, तर रणांगणावर मिळविलेला जय वेशींतच वाया जाता.

म्हणून नुकत्याच लढलेल्या त्या माणसांस पुनः निघावें लागलें. शत्रूवर चाल करतांना ते सुमारें मैलभर धांवत गेले होते; नंतर बराच वेळ हातघाईची लढाई झाली होती. अंगावर काशाचें शिरस्त्राण, हातीं भाला, आणि जवळ जवळ तीन फूट रुंदीची ढाल. प्लुटार्क म्हणतो कीं, लूट व कैदी सांभाळण्यास ॲरिस्टायडीझ व त्याची एक टोळी मागें राहिली, आणि उरलेल्या नऊ टोळ्या त्याच दिवशीं अथेन्सास पोंचल्या. त्याच दिवशीं कीं दुसऱ्या दिवशीं, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. हिरोडोटस इतकेंच सांगतो कीं, पायांत बळ होतें तितक्या वेगानें ते आले, आणि आरमाराच्या आधीं आले. मॅरेथॉनला त्यांचा तळ हेराक्लीझच्या देवस्थानांत होता. अथेन्सलाहि तो सायनोसार्जीझ येथील हेराक्लीझच्याच देवस्थानांत पडला. इराणी गलबतें फॅलेरॉनच्या बंदरासमोर कांहीं वेळ नांगरून उभीं राहिलीं आणि आशियाकडे परत फिरलीं. या दुसऱ्या खेपेस एकहि बाण सुटला नाहीं. कदाचित् यामुळेंच लोकांच्या स्मरणांत ती राहिली नसावी. गोष्ट रंगविण्यास मरणारा एकटा वीर फार सोयीचा. धुळीनें माखलेले हजारों थकलेले नागरिक तितके सोयीचे नसतात.

पौर्णिमा होतांच दोन हजार स्पार्टन सैनिक निघाले. उशीर झाल्याची जाणीव त्यांस असली पाहिजे, कारण ती १५० मैलांची वाट तोडून ते तिसऱ्या दिवशींच अथेन्सच्या मुलखांत शिरले. लढाई संपलेली होती. तरीहि इराणी लोक कसे असतात तें पाहण्याची त्यांस इच्छा होती. ते मॅरेथॉनला गेले, पडलेलीं प्रेतें त्यांनीं पाहिलीं, अथेन्सवाल्यांच्या पराक्रमाची तारीफ केली, आणि घरची वाट धरली.