टॅक्सी कधी विंटेज होते का?

जुन्या गाड्यांचा नाद आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडे कुठली आहे?" माझ्याकडे एकही नाही. पार्किंग नाही आणि तेवढे पैसेही नाहीत. मी गाड्यांच्या नोंदी ठेवतो. आरसी बुकांच्या झेरॉक्स, गॅरेजची बिलं, चासी नंबरचे फोटो, नव्या गाडीला हार घालून तिच्यापुढे उभ्या असलेल्या कुटुंबांचे फोटो. त्यातल्या बहुतेक नोंदी एकाच गाडीच्या आहेत: फियाट ११००, म्हणजे पुढे जिची प्रीमियर पद्मिनी झाली ती.

ही गाडी मुंबईची. तिची गोष्ट मात्र सुरू होते सोलापूरला जन्मलेल्या एका माणसापासून. वालचंद हिराचंद यांनी जहाज कंपनी काढली, बंगळुरूला विमानांचा कारखाना उभा केला आणि मोटारीही इथेच बनायला हव्यात असा ध्यास घेतला. मोटार कारखान्याची योजना सर विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकातच आखली होती. इंग्रज सरकारने तिला दाद दिली नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायसलरच्या अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० येऊ लागली. त्या काळातल्या गोलमटोल फियाटला मुंबईकरांनी नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. आज ती गाडी लाखमोलाची झाली आहे, तरी मालक तिला प्रेमाने याच नावाने हाक मारतात.

१९५४ हे साल महत्त्वाचं आहे. त्याआधी मुंबईत परदेशी कंपन्याही गाड्या जोडत होत्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून चालू होता. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितलं की नुसती जोडणी पुरे, आता सुटे भागही इथेच बनवायचे. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. मैदानात जेमतेम दोन-तीन देशी कंपन्या उरल्या. मग पुढची तीस वर्षं सामान्य माणसाने घ्यायचं काय? अॅम्बॅसॅडर नाहीतर फियाट. कोलकात्याने अॅम्बॅसॅडर आपली मानली, मुंबईने फियाट.

पण मिळणं सोपं नव्हतं. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. माझ्याकडच्या एका फोटोमागे निळ्या शाईत लिहिलंय, "अखेर आली!" त्यातलं 'अखेर' आजच्या ईएमआयच्या जगात कळणं अवघड आहे. १९६९ साली तर सरकारने मोटारींची विक्री किंमतच ठरवून दिली आणि ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

याच गाडीची एक नोंद सगळ्या देशाला माहीत आहे. पंतप्रधान झाल्यावर लालबहादूर शास्त्रींनी १९६४ साली फियाट घेतली. किंमत १२,००० रुपये. घरात होते ७,०००. उरलेल्या ५,००० साठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढलं. १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं. ललिताबाईंनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आज दिल्लीच्या शास्त्री स्मारकात आहे. गाडी तशी साधीच, तिच्यासारख्या हजारो होत्या. तिची किंमत वाढली ती तिच्यासोबत जपलेल्या हिशोबामुळे.

१९७० च्या दशकात फियाटशी असलेला करार संपला. गाडी तीच राहिली, नाव बदललं. आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून चित्तोडच्या राणीच्या नावावरून पद्मिनी. तेच १०८९ सीसीचं इंजिन, तोच स्टिअरिंगजवळचा गिअर. कारखान्याच्या आत मात्र बरंच काही घडत होतं. डॉ. दत्ता सामंत यांचं नाव कामगारांमध्ये गाजलं त्यात कुर्ल्याच्या या कारखान्याचा वाटा मोठा होता, तोही १९८२ च्या गिरणी संपाआधी. पण जुन्या गाड्यांच्या कॉफी टेबल पुस्तकांत बॉनेट दिसतं, ते ठोकणारा हात दिसत नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू घरगुती गिऱ्हाईक तिकडे वळलं. पद्मिनी टिकली ती टॅक्सीवाल्यांमुळे. काळा-पिवळा रंग, वर सामानाचं कॅरिअर, डाव्या बाजूला बाहेर बसवलेलं लोखंडी मीटर. दुरुस्ती स्वस्त आणि गल्लीतल्या कुठल्याही मिस्त्रीला जमणारी. उत्पादन थांबल्यावरही तिचे भाग मिळत राहिले. कुर्ल्यात बनलेल्या गाडीचं दार किंवा दिवा शोधायला लोक कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवर जात.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. तुमच्यापैकी अनेकांनी तिचे रील्स पाहिले असतील, शेअरही केले असतील.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. मूळ रूपात हवी, म्हणजे चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. ती रॅलीत, प्रदर्शनात नेता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. नियम चांगलेच आहेत. त्यामुळे कितीतरी गाड्या भंगारात जाण्यापासून वाचतील.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. टॅक्सीला वीस वर्षं, विंटेज व्हायला पन्नास. टॅक्सी म्हणून राबलेली पद्मिनी या दोन आकड्यांमधल्या तीस वर्षांत हरवते. तिला कव्हर घालून ठेवायला कोणाकडे गॅरेज नसतं. आणि समजा एखादी वाचलीच, तर 'मूळ रूपा'चं काय? इंजिन दोनदा बदललेलं, पेट्रोलची सीएनजी झालेली, पत्रा इतक्या वेळा जोडलेला की आधीचा कुठला ते मिस्त्रीलाही सांगता येणार नाही. महाराजांची रोल्स रॉइस मूळ रूपात उरते, कारण ती फारशी कामाला जुंपली गेलीच नाही. जिने शहर ओढलं, तिला झिजावं लागलं आणि बदलावं लागलं. आम्हा हौशी मंडळींच्या भाषेत तो दोष ठरतो. मला तोच तिचा इतिहास वाटतो.

वायू आणि रस्ते दोन्ही तुंबलेल्या शहरात वीस वर्षांची मर्यादा उठवा, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक टॅक्सी जपताही येणार नाही. पण नोंद जपता येते, तिला पार्किंग लागत नाही. म्हणून हल्ली मी मालकांना गाडीचा मूळ रंग विचारून थांबत नाही. इंजिन कधी उतरवलं? कोणी? किती पैसे लागले? ते पैसे आले कुठून? एका निवृत्त टॅक्सीवाल्या काकांनी मला बिलांची पिशवीच दिली. त्यात क्लचप्लेटच्या पावत्यांमध्ये मुलीच्या शाळेच्या फीची पावती होती. मी ती वेगळी काढली नाही. त्या गाडीच्या फाइलमध्येच लावली.

तुमच्या घरी कधी फियाट होती का? किंवा आजोबा, मामा, शेजारचे चाचा टॅक्सी चालवायचे? मग कपाटातली जुनी फाइल एकदा काढा. आरसी बुकाचा, पावत्यांचा मोबाइलवर नीट फोटो घ्या. फोटोत कोण उभं आहे, साल कुठलं, गाडी पुढे कोणाला विकली, हे सांगणारं माणूस आहे तोवर विचारून लिहून ठेवा. गाडी बहुधा केव्हाच वितळून गेली असेल. तिचा हिशोब अजून सापडू शकतो.