घरगुती मोडेम बदलणे

घरगुती मोडेम बदलणे म्हणजे घरातील इंटरनेट जोडणीच्या टोकाशी असलेला जुना मोडेम, राउटर किंवा ऑप्टिकल फायबरचे टोकयंत्र काढून त्या जागी नवे उपकरण बसवणे होय. सेवेचे तंत्रज्ञान बदलणे, उपकरणाची झीज, वेगाची मर्यादा आणि सुरक्षा अद्यतने बंद होणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. हे उपकरण घरातील सर्व संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच व कॅमेरे यांच्या मार्गात उभे असते. त्यामुळे त्याचा दोष बहुधा दुसऱ्याच कशाच्या तरी नावे, म्हणजे सेवापुरवठादाराच्या किंवा भ्रमणध्वनीच्या नावे जमा होतो. बदल कोणी व कसा करायचा, हे उपकरणाच्या मालकीवर आणि जोडणीच्या प्रकारावर अवलंबून असते.

संज्ञा

मोडेम हा शब्द मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला आहे. संगणकाची अंकीय माहिती तारेवरून पाठवण्याजोग्या लहरींत रूपांतरित करणे आणि येणाऱ्या लहरींतून ती माहिती पुन्हा वेगळी काढणे, हे त्याचे मूळ काम. एकाच जोडणीवर अनेक यंत्रे चालवण्याचे काम राउटर करतो आणि बिनतारी वाय-फाय हा राउटरला जोडलेला आणखी एक भाग असतो. बाजारात ही तिन्ही कामे एकाच डबीत येऊ लागल्यापासून बोलीभाषेत त्या डबीला सरसकट मोडेम किंवा राउटर म्हटले जाते. फायबर जोडणीत भिंतीवर बसवलेल्या यंत्राला ओएनटी म्हणतात. ते प्रकाशाचे संदेश विद्युत संदेशांत बदलते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. वाय-फाय मंद आहे म्हणून बदल करायचा असेल, तर पुष्कळदा मूळ मोडेम किंवा ओएनटी तसाच ठेवून त्यापुढे नवा राउटर जोडणे पुरते.

पार्श्वभूमी

घरगुती संगणकासाठीच्या मोडेमचा प्रसार अमेरिकेत १९८१ साली आलेल्या हेस स्मार्टमोडेमपासून झाला. त्याचा वेग ३०० बिट प्रतिसेकंद होता. भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून क्रमांक फिरवून जोडणी घ्यावी लागे आणि जोडणी चालू असेतो घरचा दूरध्वनी अडून राही. अशा मोडेमचा वेग वाढत वाढत १९९८ च्या व्ही.९० मानकात ५६ किलोबिट प्रतिसेकंदांपर्यंत गेला. त्यापुढे या पद्धतीत जाता आले नाही.

पुढचा टप्पा एडीएसएलचा होता. त्यात आवाजासाठीच्या कंप्रतांच्या वर माहितीची वाहतूक होत असल्याने दूरध्वनी आणि इंटरनेट एकाच तारेवर एकाच वेळी चालू लागले. भारत सरकारने २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ किलोबिट प्रतिसेकंद ही किमान मर्यादा ठरवली. भारत संचार निगमने २००५ साली ही सेवा देशभर सुरू केली, तर मुंबई व दिल्लीत ती महानगर टेलिफोन निगमने दिली. पांढऱ्या किंवा काळ्या रंगाचा, समोर चार-पाच दिवे असलेला हा मोडेम महाराष्ट्रातील असंख्य घरांत दूरध्वनीच्या शेजारी येऊन बसला. ब्रॉडबँडची किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट प्रतिसेकंद करण्यात आली. २०१९ नंतर शहरांत, व त्यामागून तालुक्याच्या गावांतही, फायबर जोडण्या वेगाने वाढल्या. तांब्याच्या तारेसाठी बनवलेला मोडेम फायबर जोडणीत मोडेम म्हणून कोणत्याही उपयोगाचा राहत नाही.

मोडेम जुना होण्याची कारणे

मोडेममध्ये फिरणारा भाग नसतो, म्हणून तो झिजत नाही असा समज आहे. प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षे अहोरात्र चालू राहणाऱ्या घरातील मोजक्या यंत्रांपैकी एक आहे. त्याच्या वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा अभियंत्यांचा प्रचलित ठोकताळा आहे. बंद कपाटात किंवा सेट-टॉप बॉक्सवर रचून ठेवलेला मोडेम त्यामुळे लवकर म्हातारा होतो. कपॅसिटर क्षीण झाल्यावर मोडेम एकदम बंद पडत नाही. तो दुपारच्या उन्हात आपोआप पुन्हा सुरू होऊ लागतो, किंवा वापर वाढला की जोडणी सोडतो. पुष्कळदा दोष मोडेमच्या आतही नसून त्याच्या अडॅप्टरमध्ये असतो. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा अधिक अँपियरचा, ध्रुवता व पिन जुळणारा अडॅप्टर लावून पाहणे ही बदलाआधीची सर्वांत स्वस्त चाचणी ठरते.

वीज पडणे हे दुसरे कारण. महाराष्ट्रात मॉन्सूनपूर्व काळात आणि परतीच्या पावसात मेघगर्जनेसह वादळे होतात. खांबांवरून आलेली तांब्याची तार त्या वेळी निर्माण होणारा क्षणिक उच्च दाब थेट मोडेमपर्यंत पोहोचवते. केवळ विजेचे बटण बंद करून भागत नाही, दूरध्वनीची तारही काढावी लागते. शहरांतील स्थानिक केबलचालकांनी गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या तांब्याच्या लॅन तारांनाही हाच धोका असतो. अशा आघातानंतर दिवे नेहमीसारखे लागतात, पण एखादे पोर्ट कायमचे मुके होते. फायबर स्वतः वीजवाहक नसल्याने या वाटेने येणारा दाब टळतो. ओएनटीचा अडॅप्टर मात्र घरच्या वीजवाहिनीवरच असतो.

वेगाची मर्यादा हे तिसरे कारण आहे आणि ते ओळखण्यास अवघड आहे, कारण यंत्र निर्दोष असते. जुन्या राउटरांची तारेची पोर्ट १०० मेगाबिटची असतात. अशा पोर्टवरून प्रत्यक्षात सुमारे ९४ मेगाबिटच मिळतात. ग्राहकाने २०० किंवा ३०० मेगाबिटची योजना घेतली आणि संगणक तारेने जोडूनही मापन नेमके ९४ च्या आसपास अडत असेल, तर अडथळा सेवेत नसून पोर्टमध्ये किंवा लॅनच्या तारेत आहे. आठांपैकी एखादी बारीक तार तुटलेली केबलही जोडणीला १०० मेगाबिटवर उतरवते. बिनतारी भागाचे तसेच आहे. २००९ च्या ८०२.११एन मानकाचे, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे राउटर वेष्टनावर ३०० मेगाबिट असे सांगतात. सदनिकांच्या दाटीत शेजारपाजारचे सर्व राउटर त्याच पट्ट्यात बोलत असल्याने मिळणारा वेग त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी भरतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक मोकळा असतो, परंतु त्याच्या लहरी भिंतींतून कमी जातात. जाड दगडी भिंतींच्या वाड्यात किंवा काँक्रीटच्या दुमजली घरात महागड्या एका राउटरपेक्षा तारेने जोडलेले दोन साधे राउटर अधिक उपयोगी पडतात.

सुरक्षा

जुन्या मोडेमचा सर्वांत गंभीर दोष डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक मोडेममध्ये फर्मवेअर नावाची आज्ञावली असते. तीत सापडलेल्या त्रुटी उत्पादक काही वर्षे दुरुस्त करतो आणि मग थांबतो. त्यानंतर सापडलेली प्रत्येक त्रुटी त्या मोडेममध्ये कायमची राहते, आणि मोडेम तर थेट सार्वजनिक जाळ्याकडे तोंड करून असतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर मिराई या दुष्ट आज्ञावलीच्या एका आवृत्तीने केलेल्या हल्ल्यात कोलमडले. सेवापुरवठादाराला दुरून देखभाल करता यावी म्हणून ठेवलेल्या दारातूनच हा हल्ला आला होता. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या हजारो ग्राहकांचे मोडेम अशाच एका हल्ल्यात निकामी झाले. ज्यांनी कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ हा परवलीचा शब्द बदलला नव्हता, त्यांचे मोडेम त्यात सापडले. मे २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टर या आज्ञावलीने किमान ५४ देशांतील ५ लाख उपकरणांत शिरकाव केला होता. अमेरिकेच्या एफबीआयने त्या वेळी लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचे आवाहन केले.

या अनुभवांनंतर कायदेही आले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सहज ओळखता येणारा मूळ परवलीचा शब्द असलेली जोडणीयोग्य घरगुती उपकरणे विकण्यास मनाई आहे आणि सुरक्षा अद्यतने किती काळ मिळतील हे उत्पादकाने जाहीर करावे लागते. ही मुदत म्हणजे उपकरणाची खरी अंतिम तारीख मानता येईल. वाय-फायची कूटपद्धतीही वयाची निशाणी असते. डब्ल्यूईपी ही पद्धत २००१ सालीच भेदली गेली. डब्ल्यूपीए२ २००४ पासून, तर डब्ल्यूपीए३ २०१८ पासून प्रचारात आहे. ज्या राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ चाही पर्याय नाही, तो चालू असला तरी वापरण्याजोगा नाही.

मालकी आणि निवडीचा अधिकार

मोडेम ग्राहकाने विकत घेतलेला असतो, भाड्याचा असतो किंवा योजनेसोबत परतीच्या बोलीवर दिलेला असतो. शेवटच्या दोन प्रकारांत बिघडलेले उपकरण बदलून देण्याची जबाबदारी साधारणतः सेवापुरवठादाराची असते. त्यामुळे नवे विकत घेण्याआधी जोडणीच्या वेळचा अर्ज किंवा देयक पाहणे हिताचे ठरते. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमनाने ग्राहकाला आपल्या पसंतीचे टोकयंत्र वापरण्याचा अधिकार दिला. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून पुरवठादाराला आपलाच राउटर ग्राहकावर लादता येत नाही. अमेरिकेत केबल कंपन्या मोडेमचे मासिक भाडे घेतात. स्वतःचे उपकरण वापरणाऱ्याकडूनही ते आकारण्यास २०२० च्या डिसेंबरपासून बंदी आली.

भारतात व्यवहार जोडणीच्या प्रकारानुसार चालतो. एडीएसएलचा मोडेम ग्राहक बाजारातून आणून स्वतः बसवू शके. फायबरच्या बाबतीत ओएनटीचा अनुक्रमांक पुरवठादाराच्या केंद्रातील यंत्रात नोंदवलेला असतो आणि नोंद नसलेले यंत्र तारेला लावूनही चालत नाही. केबलचालकांच्या जोडण्यांत पुष्कळदा राउटरचा मॅक पत्ता बांधलेला असतो. नवा राउटर लावल्यावर एक तर चालकाला कळवावे लागते, नाहीतर जुना पत्ता नव्या राउटरमध्ये भरावा लागतो.

बदलण्याची प्रक्रिया

प्रथम दोष खरोखर मोडेमचाच आहे का, हे पाहतात. डीएसएल जोडणीत घरातील समांतर दूरध्वनी काढून, स्प्लिटरशिवाय मोडेम थेट मुख्य तारेला लावल्यावर जोडणी स्थिरावली, तर दोष घरातील वायरिंगचा असतो. ओएनटीवर एलओएस हा दिवा लाल लागला असेल तर प्रकाश यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. फायबर तुटलेली, वाकलेली किंवा तिचे टोक मळलेले असते. अशा वेळी नवा ओएनटी आणून काही साधत नाही. फायबरच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नये. त्यातून जाणारा लेझर प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही, पण डोळ्यांना अपायकारक ठरू शकतो.

जुने उपकरण चालू असतानाच त्यातील माहिती उतरवून घेणे हा प्रक्रियेतील सर्वाधिक विसरला जाणारा टप्पा आहे. पीपीपीओई जोडणीचे वापरकर्ता नाव व परवलीचा शब्द, व्हीलॅन क्रमांक, तसेच एडीएसएलमध्ये व्हीपीआय व व्हीसीआय हे आकडे लागतात. भारत संचार निगमच्या जोडणीत हे दोन आकडे ० आणि ३५ असत. पडद्यावर ठिपक्यांत दिसणारा परवलीचा शब्द वाचता येत नाही, म्हणून तो पुरवठादाराकडून आधीच मागून घ्यावा लागतो. मोडेम मेल्यावर ही माहिती शोधणे म्हणजे इंटरनेट नसताना ग्राहकसेवेच्या रांगेत थांबणे.

नव्या राउटरला जुन्याच वाय-फायचे नाव आणि परवलीचा शब्द दिल्यास घरातील बहुतेक यंत्रे काहीही न करता जोडली जातात. जुना शब्द दुबळा किंवा गावभर सांगितलेला असेल, तर मात्र ही सोय सोडून नवा शब्द द्यावा लागतो. व्यवस्थापनाच्या पानाचा मूळ परवलीचा शब्द लगेच बदलतात, फर्मवेअर अद्ययावत करतात आणि डब्ल्यूपीएस ही बटण दाबून जोडण्याची सोय बंद ठेवतात. ओएनटीपुढे स्वतःचा राउटर लावताना दोन्ही यंत्रे राउटिंग करू लागली, तर काही खेळ, कॅमेरे व कार्यालयीन जोडण्या अडखळतात. त्यासाठी ओएनटी ब्रिज स्थितीत ठेवला जातो. त्याआधी ओएनटीला जोडलेल्या दूरध्वनीचा विचार करावा लागतो, कारण त्याची मांडणी पुरवठादाराच्या हाती असते आणि ब्रिज करताना ती विस्कटू शकते.

जुन्या उपकरणाची विल्हेवाट

भाड्याचे उपकरण परत करून पावती घेतली नाही, तर अनामत रक्कम अडकते. स्वतःचा मोडेम कोणाला देण्यापूर्वी किंवा टाकण्यापूर्वी मागील बारीक छिद्रातील कळ काही सेकंद दाबून तो मूळ स्थितीत आणावा लागतो, कारण त्यात जोडणीचे खाते आणि वाय-फायचा शब्द साठलेला असतो. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची विस्तारित जबाबदारी आहे. फर्मवेअरची अद्यतने अजून मिळत असलेला राउटर मात्र टाकून देण्याची गरज नसते. तारेने जोडून तो घराच्या दुसऱ्या टोकाला केवळ वाय-फाय केंद्र म्हणून वापरता येतो.