जालातील अंश-सहसंबंध

अंश-सहसंबंध : जालातील दुव्याच्या दोन टोकांना असलेल्या गाठींचे अंश एकमेकांशी कितपत निगडित आहेत, हे सांगणारे सांख्यिकीय माप. गाठी आणि त्यांना जोडणारे दुवे मिळून जाल बनते. एखाद्या गाठीला लागलेल्या दुव्यांची संख्या हा तिचा अंश असून संगणकावर काम करणाऱ्यांच्या तोंडी त्यासाठी ‘डिग्री’ हाच शब्द रुळला आहे. जास्त अंशाच्या गाठी प्रामुख्याने जास्त अंशाच्याच गाठींशी जोडलेल्या असतील, तर जाल समसंगती आणि त्यांच्याभोवती कमी अंशाच्या गाठींचा घोळका असेल, तर ते विषमसंगती म्हटले जाते.

पास्तोर-सातोरास, वाझ्केझ व व्हेस्पिन्यानी यांनी २००१ मध्ये इंटरनेटच्या जालात गाठीचा अंश जितका मोठा, तितका तिच्या शेजाऱ्यांचा सरासरी अंश लहान होत जातो, असे दाखवले. पुढच्याच वर्षी मार्क न्यूमन यांनी हा कल एका आकड्यात मांडला : प्रत्येक दुव्याच्या दोन टोकांचे अंश ही एक जोडी मानून अशा सर्व जोड्यांवर पिअर्सनचा सहसंबंध गुणांक काढायचा. तो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. न्यूमन यांच्या कोष्टकात भौतिकशास्त्रज्ञांच्या सहलेखनाच्या जालासाठी ०.३६३ व चित्रपट-कलावंतांच्या जालासाठी ०.२०८, तर इंटरनेटसाठी उणे ०.१८९ आणि प्रथिनांच्या परस्परक्रियांच्या जालासाठी उणे ०.१५६ असे मूल्य आले. यावरून सामाजिक जाले समसंगती व इतर जाले विषमसंगती असा ढोबळ नियम रूढ झाला. पण सहलेखनाच्या जालात एका लेखाचे सर्व लेखक आपोआप परस्परांशी जोडले जातात आणि मोठ्या गटातील प्रत्येकाचा अंश एकदमच वाढतो, त्यामुळे तेथील धन मूल्याचा काही भाग जाल बांधण्याच्या रीतीतून आलेला असतो, हे विसरून चालत नाही.

गणनेतील नेहमीची चूक छोट्या उदाहरणावरून स्पष्ट होते. चार गाठींच्या सरळ साखळीत अंश १, २, २, १ असे असून दुवे तीनच आहेत. दुव्याला दिशा नसल्याने प्रत्येक दुवा दोन्ही बाजूंनी एकेकदा, म्हणजे (१, २) आणि (२, १) असा धरावा लागतो. तसे केल्यास सहा जोड्या मिळतात, अंशांचे प्रचरण २/९ व सहप्रचरण उणे १/९ येते आणि गुणांक उणे ०.५ ठरतो. मात्र यादीत लहान अंशाची गाठ नेहमी आधी लिहिली असेल आणि तिचे दोन स्तंभ तसेच सहसंबंधाच्या आज्ञेला दिले, तर दुसऱ्या स्तंभात सर्वत्र २ येऊन प्रचरण शून्य होते व उत्तरच निघत नाही. ज्या जालात सर्व गाठींचा अंश समान आहे, तेथे मात्र योग्य रीतीनेही गुणांक अव्याख्यात राहतो, आणि तो आज्ञावलीचा दोष नव्हे.

‘आर’ या सांख्यिकी भाषेत ‘आयग्राफ’ या संचामध्ये हा गुणांक काढण्याची तयार आज्ञा आहे; पायथनमध्ये ‘नेटवर्कएक्स’ तेच काम करते. वेन झॅकरी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेले अमेरिकी विद्यापीठातील कराटे क्लबच्या सदस्यांचे जाल, म्हणजे ३४ गाठी आणि ७८ दुवे, दोन्हींत सरावासाठी उपलब्ध असून त्याचा गुणांक सुमारे उणे ०.४७६ येतो. हे मैत्रीचे, म्हणजे अस्सल सामाजिक जाल असूनही विषमसंगती आहे. प्रशिक्षक व क्लबचा पदाधिकारी यांचे अंश अनुक्रमे १६ व १७ आहेत, त्यांच्यात परस्पर दुवा नाही आणि बहुतेक सदस्य या दोघांपैकी एकाशी तरी जोडलेले आहेत.

तरीही एवढ्यावरून सदस्यांच्या निवडीविषयी काही म्हणता येत नाही. दोन गाठींमध्ये एकच दुवा असू शकतो, या अटीमुळे मोजक्या फार मोठ्या गाठींना आपले उरलेले दुवे लहान गाठींकडे वळवावेच लागतात; म्हणजे केवळ अंशांची यादीच गुणांक ऋण बाजूला ओढते. हा भाग वेगळा काढण्यासाठी मास्लोव्ह व स्नेपन यांनी २००२ मध्ये वापरलेली रीत उपयोगी पडते : यदृच्छेने दोन दुवे निवडून त्यांची टोके परस्परांत बदलायची, पुनरुक्त दुवा किंवा स्वतःकडेच वळणारा दुवा निर्माण होत असेल तर तो बदल नाकारायचा, आणि हे वारंवार करून प्रत्येक गाठीचा अंश कायम ठेवणारी हजारभर जाले बनवायची. त्यांच्या गुणांकांच्या वितरणात मूळ जालाचे मूल्य कोठे पडते, ही तुलना नसलेला नुसता आकडा जवळजवळ मुका असतो.

अंशांची विषमता तीव्र असलेल्या महाजालांत अडचण आणखी खोल आहे. लितव्हाक व व्हान डेर हॉफस्टाड यांनी २०१३ मध्ये दाखवले, की तेथे जालाचा आकार वाढत गेल्यास पिअर्सनचा गुणांक प्रत्यक्षातील विषमसंगती लपवून शून्याकडे सरकू शकतो. म्हणून अंशांऐवजी त्यांच्या क्रमांकांवर आधारलेला स्पिअरमनचा गुणांक त्यांनी सुचवला. दिशायुक्त जालात प्रत्येक गाठीला येणारा व जाणारा असे दोन अंश असल्याने सहसंबंधही चार प्रकारचे होतात आणि त्यांची चिन्हे एकाच जालात वेगवेगळी असू शकतात.