गाळातून आलेली नावं

थोरल्या काकांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट सोडलं तर आमच्या घरात १९६१ च्या आधीचा एकही कागद नाही. आजोबांची पत्रं, जन्मपत्रिका, गावाकडच्या जमिनीचे उतारे, आजी-आजोबांचा एकुलता एक फोटो, भिंतीवर काचेत लावलेली वंशावळ, सगळं त्या वर्षीच्या १२ जुलैला पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याबरोबर पानशेतच्या पुरात गेलं. माझा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला. माझ्यापर्यंत घराचा जो काही इतिहास आला तो आत्या आणि थोरल्या काकांच्या तोंडून, आणि तांब्यापितळेच्या भांड्यांवरून.

पानशेतच्या धरणाचं काम तेव्हा पुरतं झालेलं नव्हतं. मातीचा बांध, पहिलाच पावसाळा, आणि पाणी अडवलेलं. बांध खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर पोती रचून तो धरून ठेवला. सकाळी सातच्या सुमारास तो फुटला. ते सगळं पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या धरणावर आलं आणि दुपारी तेही फुटलं. जवानांनी ती रात्र तोलून धरली नसती, तर हे पाणी झोपलेल्या गावावर अंधारात आलं असतं. आत्या हे सांगताना अजूनही हात जोडते.

ती तेव्हा सतरा वर्षांची होती. चौकात पाणी शिरलं तसं आजीने देव ओच्यात घेतले, काकांनी मॅट्रिकचं सर्टिफिकेट शर्टाच्या आत खोचलं. आत्याने काहीच घेतलं नाही, कारण तिच्या कडेवर मागच्या बिऱ्हाडातलं तान्हं मूल होतं. सगळे पर्वतीच्या पायथ्याशी ओळखीच्यांकडे गेले. पाणी किती चढलं यावर दोघा भावंडांचं अजून एकमत नाही. काका म्हणतात माळ्याला लागलं, आत्या म्हणते दाराच्या गणेशपट्टीपर्यंत. मी दोन्ही ऐकून घेते. पाणी ओसरल्यावर काका वाड्यात मागच्या बोळातून शिरले होते आणि आत्या पुढच्या दाराने, आणि ज्याने जे पाहिलं ते तो सांगतो आहे.

वाडा उभा राहिला नव्हता. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात भिजून बसल्या, वर तुळया आणि कौलं आडवीतिडवी पडली होती. गुडघाभर गाळ. नळाला पाणी नाही, कारण ज्या खडकवासल्यातून ते यायचं तो तलावच रिकामा झालेला. पेठांमधल्या वर्षानुवर्षं बंद पडलेल्या विहिरी उपसून लोकांनी पाणी काढलं. गाव पाण्याने मोडलं आणि प्यायला पाणी नाही, हे आत्या दर वेळी सांगते आणि दर वेळी तिचा आवाज तिथे चिरकतो.

आजीने दुसऱ्या दिवसापासून गाळ उपसायला घेतला. तिला हवी होती तिची भांडी. पण पाण्याने ती जिथल्या तिथे ठेवली नव्हती. आमचं घंगाळ तीन वाडे पलीकडे निघालं आणि आमच्या ओसरीच्या जागी दुसऱ्याच कुणाचा बंब रुतून बसला होता. मग गल्लीत ठरलं, की जे ज्याला सापडेल ते त्याने मारुतीच्या पारावर आणून ठेवायचं. पारावर ढीग झाला. बायका त्याच्याभोवती फिरत, एकेक भांडं उचलून पदराने पुसत, आणि नाव मोठ्याने वाचत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं काम त्यामुळे अडलं नाही. आजी शाळेत गेलेली नव्हती. ती भांड्याच्या गळ्याखालून अंगठा फिरवायची. गाळ बसून डोळ्यांना काही दिसत नसलं तरी अंगठ्याला टिंबं लागायची, आणि आपली टिंबं कुठली हे तिला ठाऊक होतं.

भांड्यावर नाव घालणं आता बहुतेक घरांतून गेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. तांब्याची, पितळेची भांडी विकत घेतली की दुकानातच एक जण बारीक छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन बसलेला असायचा. तो विचारायचा, काय घालू? मग एकेक टिंब ठोकत अक्षर उठवायचा. अक्षरागणिक पैसे पडत, असं आजी सांगायची. म्हणून गरिबाघरच्या भांड्यांवर नुसती आद्याक्षरं असत आणि सुखवस्तू घरच्या भांड्यांवर गाव, तिथी, शक, ‘सप्रेम भेट’ असं सगळं. लग्नकार्यात भांडी गल्लीभर उसनी फिरत, त्यातून आपलं आपल्याकडे परत यावं हा या नावाचा रोजचा उपयोग. पुरात तो उपयोग फार मोठा झाला. गल्लीतल्या कितीतरी घरांकडे आपलं म्हणून दाखवायला त्या आठवड्यात तेवढंच उरलं होतं.

त्या पारावर एक गोष्ट घडली, ती आत्याने मला इतक्या वेळा सांगितली आहे की ती मीच पाहिल्यासारखी वाटते. ढिगातून तिने एक लहानसा पितळी तांब्या उचलला, पुसला आणि वाचलं: चि. यमू, वैशाख शके १८४८. हा कुणाचा म्हणून तिने हाळी दिली. कुणी पुढे येईना. तिने पुन्हा वाचलं. तेव्हा मागून आजी म्हणाली, ‘तो माझा.’

आजीचं नाव लक्ष्मी होतं. ते सासरचं. १९२६ च्या वैशाखात तिचं लग्न झालं, तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती. मुलीचं वय चौदाच्या खाली नको म्हणणारा शारदा कायदा लागू व्हायला अजून चार वर्षं अवकाश होता. माहेर राजापूरकडचं. आई-वडील लवकर गेले, भाऊ नव्हताच, तेव्हा तिला यमू म्हणून हाक मारणारं या जगात कुणी राहिलं नव्हतं. वडिलांनी पाठवणीच्या वेळी हातात दिलेला तो तांब्या ती पस्तीस वर्षं वापरत होती. रोज घासलेल्या भांड्यावर इतकी वर्षं चिंच आणि राख फिरते, टिंबं पुसट होतात. शिवाय तांब्या तिच्या देवघरात असायचा आणि तिथे मुलांनी हात लावायचा नाही. आपल्या आईचं पहिलं नाव आत्याला तिच्या वयाच्या सतराव्या वर्षी, गाळात उभं राहून, असं कळलं.

पुढे काकांनी वंशावळ आठवून पुन्हा लिहून काढली. मूळ पुरुषापासून स्वतःपर्यंत सगळी नावं त्यांना पाठ होती, कारण लहानपणी ती रोज समोर दिसत. मी तो कागद पाहिला आहे. त्यावर एकही बाई नाही. गेलेल्या कागदावरही नव्हती. आजी घरात होती, घर तिच्यावर होतं, आणि घराच्या लेखी इतिहासात ती नव्हती. तिचं अस्तित्व कुणी अक्षरात नोंदलं असेल तर ते राजापूरच्या त्या बापाने आणि छिन्नी धरणाऱ्या एका कारागिराने. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याकडच्या बायकांचा इतिहास शोधायचा तर फडताळं आणि माळे उघडावे लागतील, असं माझं मत या तांब्यापासून झालं.

दुसरं भांडं परात आहे. तिच्यावर पाच आद्याक्षरं आहेत, पुढे आडनाव नाही. आत्याच्या बारशाला, १९४४ साली, वाड्यातल्या पाच बिऱ्हाडांतल्या बायकांनी वर्गणी काढून ती दिली. लढाईचे दिवस, सगळं रेशनवर आणि महाग. कुणी दूध तोडलं असेल, कुणी दळणातले वाचवले असतील. पुरानंतर ही पाचही बिऱ्हाडं पांगली. एक गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये गेलं, एक सहकारनगरला, एक मुंबईला. दोन कुठे गेली ते आत्यालाही आठवत नाही. परातीच्या काठावर त्या पाचजणी अजून शेजारी शेजारी आहेत.

अशी भांडी आमच्याकडे पूर्वी बरीच होती, आता थोडी राहिली. पुराने जे नेलं नाही ते स्टीलने नेलं. सत्तरच्या दशकात घरोघर गॅस आला, स्टीलची भांडी आली, आणि कल्हईवाल्याची हाळी हळूहळू बंद झाली. कल्हई नसली तर तांब्यापितळेच्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचं काही ठेवता येत नाही, कळकतं. लहानपणी मी अंगणात उकिडवं बसून कल्हई बघत असे. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, कातडी भाता. भांडं लाल होईतो तापलं की नवसागराची पूड टाकायची, पांढऱ्या धुराचा उग्र दर्प उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने कथील सर्रकन आतून फिरवायचं. काळं भांडं क्षणात चांदीचं व्हायचं. हे करणारा माणूस येईनासा झाल्यावर पितळी पातेली स्वयंपाकात राहणार कशी? आईने एकेक करून ती मोडीत घातली. वजन करून पैसे यायचे, किंवा बदली स्टीलचं भांडं. आईला मी बोल लावत नाही. दमलेल्या मनगटांना हलकं भांडं हवं होतं, आणि ते मिळण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. पण तराजूत नाव वाचत नाहीत. मोडीची भांडी भट्टीत जातात. दोन पिढ्यांच्या बायकांची नावं या महाराष्ट्रात अशी किलोच्या भावाने वितळली, आणि त्याची मोजदाद कुणी केली नाही.

एक माणूस मात्र नेमक्या याच वस्तूंमागे आयुष्यभर फिरला. दिनकर गंगाधर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या आसपास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, आणि तलवारी-तोफांच्याच मागे न लागता दिवे, अडकित्ते, सोऱ्या, वज्रऱ्या, फण्या, करंडे, तांबे असं घरातलं आणि स्वयंपाकघरातलं सामान गोळा केलं. आज वीस हजारांवर वस्तूंचा असलेला तो संग्रह त्यांनी पुढे सरकारच्या हवाली केला. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला होता, त्याच्या नावाने शुक्रवार पेठेतलं ते ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’. मी तिथे जाते तेव्हा अडकित्त्यांच्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहते. त्यातल्या बहुतेकांनी सुपारी कातरणारे हात कुणाचे, हे आता कळायला मार्ग नाही. पण अनोळखी घरांतल्या या हजारो आठवणी एका बापाने आपल्या एका मुलाच्या आठवणीसाठी एकत्र आणल्या. इतकं प्रेमाचं संग्रहालय मला दुसरं माहीत नाही.

राजाचा विषय निघाला की मला घरातली ती तपेली आठवते, जी आमची नाही. पारावरच्या ढिगातली सगळी भांडी आपापल्या घरी गेली, एक तपेली उरली. महिना झाला, कुणी आलं नाही. शेवटी पाराशेजारचे लोक घर सोडून जाऊ लागले तेव्हा आजीने ती सांभाळायला म्हणून घेतली. तिच्यात तिने कधी काही शिजवलं नाही. दिवाळीला आमच्या भांड्यांबरोबर घासायची, पुसायची आणि वेगळी पालथी घालून ठेवायची. तिच्यावर लिहिलं आहे: कै. चि. बाळ याच्या स्मरणार्थ, आश्विन शके १८४०.

शके १८४० चा आश्विन म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर. इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात सर्वांत जास्त माणसं मारत होती ते हे आठवडे. देशभरात त्या साथीने एक कोटीहून जास्त बळी घेतले. आजीला ही गणितं ठाऊक नव्हती. तिला एवढंच कळत होतं, की एका घरात मूल गेलं, त्या घराने त्याचं नाव तपेलीवर कोरलं, त्रेचाळीस वर्षं जपलं, आणि पुराने ते हातून काढून घेतलं. ‘त्याची आई शोधत असेल,’ ती म्हणायची. १९१८ ची ती आई १९६१ मध्ये हयात असू शकत होती. आजी गेल्यावर आत्याने ती तपेली सांभाळली, आणि आता ती माझ्याकडे आहे.

तुमच्या माळ्यावर जुनी भांडी असतील तर मोडीत घालण्याआधी ती उजेडात आणा, गळ्याखाली आणि काठावर अंगठा फिरवा. नाव लागलं तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. हे या दिवाळीच्या आत करा. भांडं ठेवणं जागेअभावी जमणार नसेल तर निदान त्या नावाचा फोटो आणि ती वही ठेवा.

आणि एक माझं मागणं. मुठेच्या काठच्या पेठांत राहिलेल्या, पुरात सगळं गेलेल्या कुठल्या घरात, बाळ नावाचं मूल १९१८ च्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गेल्याचं कुणी सांगत असेल, तर त्यांना ही गोष्ट कळवा. तपेली तांब्याची आहे, दीड-दोन शेर दूध मावेल एवढी, कानाच्या एका बाजूला पोचा आहे. त्यांनी यावं आणि ती घेऊन जावी. ती त्यांची आहे.