कामशेतवरून गेलेली गाडी

परवा पुतणीला घेऊन पुण्याला आगाखान पॅलेस बघायला गेलो. कामशेतहून लोकलने शिवाजीनगर, पुढे रिक्षा. नगर रस्त्याने शंभरदा गेलो असेन, पण आत पाय ठेवला तो पहिल्यांदाच.

ही वास्तू १८९२ सालची. तिसरे आगाखान सुलतान मोहम्मद शाह यांनी आसपासच्या दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम मिळावं म्हणून ती बांधून घेतली, असं सांगतात. तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम पंधरा. उंच कमानी, रुंद व्हरांडे, भोवती मोठी बाग. आपण ‘पॅलेस’ म्हणतो खरं, पण तिचं नाव झालं ते तुरुंग म्हणून.

९ ऑगस्ट १९४२. मुंबईत पहाटे गांधीजींना अटक झाली आणि त्यांना विशेष गाडीने पुण्याकडे आणलं. गर्दी टाळायची म्हणून गाडी पुणे स्टेशनच्या आधीच थांबवली. गांधीजी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन यांना चिंचवडला उतरवलं आणि मोटारीने थेट इथे आणलं. हे वाचताना पुतणीने विचारलं, "काका, म्हणजे ती गाडी आपल्या कामशेतवरून गेली?"

गेलीच की! घाट चढून, लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव करत. रोज त्याच मार्गावर लोकलसाठी ताटकळणाऱ्या माझ्या हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

पुढचं सगळं या बागेतच आहे. अटकेनंतर सहाव्याच दिवशी, १५ ऑगस्टला, महादेवभाई गेले. त्यांचा जन्म १८९२ चा, म्हणजे या वास्तूच्याच वयाचे. पन्नाशीत गेले. आवारातच अग्नी दिला. गांधीजी रोज त्या जागी फुलं वाहायला जात. मग २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा गेल्या, त्याही कैदेतच. ६ मे १९४४ ला गांधीजींची सुटका झाली. आले तेव्हा बायको होती, लेकासारखा सहकारी होता. दोघांनाही या बागेत ठेवून ते बाहेर पडले. दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. तिथे उभं राहिलं की घसा दाटतो.

१९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला दिली. म्हणून ती राहिली, आणि म्हणून आपल्याला आठवण राहिली.

परतीच्या लोकलमध्ये एक गोष्ट सलत राहिली. ९ ऑगस्ट आपल्या मावळाचीही तारीख आहे. २०११ साली त्याच क्रांतिदिनी, कामशेतजवळ बऊरला द्रुतगती मार्गावर, पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी उतरले होते. गोळीबार झाला. तिघं गेले, त्यात एक बाई. योजनेबद्दल कुणाचं मत काहीही असो, ती माणसं आपली होती.

पुतणीला आगाखान पॅलेस दाखवायला मी तीन तास खर्च केले. बऊर घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथे तिला कधी नेलं नाही. ती विचारेल तेव्हा काय सांगायचं? "तेव्हा तू लहान होतीस"?

मंडळी, आगाखान पॅलेस जरूर बघा, मुलांना दाखवा. आणि येताना कामशेत आलं की त्यांना ही गाडीची गोष्ट सांगा. बऊरचीही सांगा. इतिहास नेहमी तिकीट काढूनच बघायचा असतो असं थोडंच आहे?