चिमूटभर मातीची साक्ष

इटलीत गुब्बिओजवळ चुनखडीच्या थरांमध्ये जेमतेम १ सेंटिमीटर जाडीची चिकणमाती आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. ती साचायला किती काळ लागला असेल? घरात धूळ बसते तशी पृथ्वीवर उल्काधूळ बसत असते. तिच्यातले इरिडियम मोजले की काळ कळेल, असा लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांचा हिशेब. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी ते मोजले, तर नेहमीच्या तीसपट! रोजच्या धुळीतून एवढे कुठून येणार? सुमारे १० किलोमीटरचा दगड आकाशातून आदळला, त्यात डायनोसॉर संपले, असे चौघांनी १९८० साली मांडले. मेक्सिकोतले चिक्शुलूबचे विवर त्याच्याशी जोडले गेले १९९१ साली. गटात ही गोष्ट सांगताना आम्ही बापलेकांवरच थांबायचो. मोजणाऱ्या हेलनबाई राहूनच जायच्या, तेही बायकांच्या बैठकीत!