रुमालाखाली ठरायचा बैलाचा भाव! १९व्या शतकातला जनावरांचा बाजार कसा चालायचा?

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं गाव. १९व्या शतकात हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मनमाड-औरंगाबाद-नांदेड-हैदराबाद ही रेल्वे सुरू झाली तीच १९००च्या सुमारास, आणि तीही गोदावरी खोऱ्यातून. इकडे बालाघाटावर माल हलायचा तो बैलगाडीनं, नाहीतर लमाणांच्या तांड्यांनी. नांगराला बैल, मोटेला बैल, बाजाराला जायलाही बैलच. त्यामुळे बैलजोडी ही शेतकऱ्याची सगळ्यात मोठी खरेदी असायची.

बैल कसा पारखायचे?

आधी दात बघायचे. साधारण अडीच वर्षांचा झाला की बैलाला पक्के दोन दात येतात. तो 'दोनदाती'. पुढे चारदाती, सहादाती आणि आठही दात आले की 'जुळलेला'. मग खूर, खांदा, चाल आणि मारकेपणाची खोड तपासायची. या भागातले नावाजलेले वाण म्हणजे देवणी आणि लाल कंधारी. दोन्ही नावं मराठवाड्यातल्या गावांवरूनच पडली.

भाव रुमालाखाली का?

दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचे. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नसे. एकाचा भाव फुटला, तर पुढच्या सौद्यात तोच धरून बसतील, ही त्यामागची व्यापारी अक्कल. जमलं की विसार देऊन सौदा पक्का.

दुष्काळात काय व्हायचं?

बैल म्हणजे शेतकऱ्याची दावणीला बांधलेली बचत. अडचण आली की विकायची. पण १८७६-७८ आणि १८९९-१९०० सारख्या दुष्काळांत चारा सगळ्यांचाच संपला. सगळे एकदमच विकायला आले की भाव कोसळायचा. बैल कवडीमोल जायचा किंवा दावणीलाच मरायचा. खरा फटका पुढच्या वर्षी बसायचा. पाऊस पडायचा, पण नांगर ओढायला बैल नाही. मग नवी जोडी घ्यायला सावकाराचं कर्ज. दुष्काळ सरला तरी कर्ज मागे राहायचं.

म्हणूनच २०१८-१९च्या दुष्काळात बीडमध्ये चारा छावण्या उघडल्या, त्यामागचा हिशेब जुनाच होता. जनावर वाचलं, तर पुढचा हंगाम वाचतो.